एकेचाळिसावी ओळ

१

ऑफिसात तिला सगळे शंकासूर म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. कुलूप लावून जिना उतरल्यावर पुन्हा वर जाऊन ते ओढून बघणाऱ्यांपैकी ती. गुंडी झाल्यापासून तर विचारूच नका. गुंडी म्हणजे तिची दहा महिन्यांची लेक. शर्टाच्या गुंडीएवढं नाक, म्हणून बापानं ठेवलेलं लाडाचं नाव. पोर झोपली की ही तिच्या नाकाशी बोट धरणार, श्वास लागला की हुश्श करणार, आणि दोन मिनिटांनी, मघाशी लागला तो श्वास होता की पंख्याचा वारा, या शंकेनं पुन्हा बोट धरणार.

काम मात्र बिनशंकेचं होतं. शहरातल्या वाचनालयांचे जुने कॉम्प्युटर त्यांच्याकडे यायचे. धुऊनपुसून नवे व्हायचे आणि परत जायचे. एका डिस्कवर सगळं नीट बसवायचं आणि तिच्या चाळीस प्रती काढून चाळीस यंत्रांत घालायच्या. आंधळ्यालाही जमेल. पथ्य एकच: प्रती काढण्याआधी मूळ डिस्कवरचा ओळख-क्रमांक पुसायचा.

"हा नंबर देतं तरी कोण?" ऑफिसातल्या तारा ओढणाऱ्या केबलकाकांनी तिला एकदा विचारलं होतं. "कंपनी देते?"

"कोणीच देत नाही, काका. मशीन पहिल्यांदा जागं होतं ना, तेव्हा स्वतःच काढतं."

"कुठून काढतं?"

"आतल्या खळबळीतून. कुठली कळ कधी दाबली, डिस्क किती थरथरली, सगळं ढवळायचं आणि त्यातून बत्तीस अक्षरं काढायची. पुन्हा तीच बत्तीस जन्मात येत नाहीत."

"मग आपली गत वेगळी काय आहे? आलो कुठून विचारलं तर सांगता येत नाही, पण आलोय खरे." काका स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन शिडीवर चढले होते.

जागं होण्याआधी यंत्राला नंबर नसतो. त्या जागी नुसतं लिहिलेलं असतं, 'अजून सुरू झालेलं नाही'. आणि नंबर पुसायचा राहिला, तर प्रत जागी होते ती दुसऱ्याचीच ओळख घेऊन. मग जाळ्यात दोघांना एकच पत्ता मिळतो. एकजण आत आला की दुसरा बाहेर फेकला जातो. कोणीच धड टिकत नाही.

हे तिला पाठ होतं. नव्या माणसांना तीच शिकवायची.

२

तरीही चूक झाली, आणि झाली ती तिच्याच हातून.

बाळंतपणाची लांबलचक रजा संपवून ती परतली, त्याचा तो दुसरा दिवस. गुंडीला त्याच मजल्यावरच्या पाळणाघरात सोडलं होतं. भिंतीपलीकडून रडणं ऐकू येत होतं, आणि ते गुंडीचं की दुसऱ्या कुणाचं, हे ओळखण्यात तिचं अर्धं डोकं गेलं होतं. उरलेल्या अर्ध्यानं तिनं प्रती काढल्या. नंबर पुसायचा राहिला.

चाळीस यंत्रं सुरू केली आणि लॅपटॉपवरच्या नोंदीच्या पडद्यावर, यंत्रामागं एक अशा, चाळीस ओळी यायच्या तिथं एकच ओळ आली. तीही हिरवी-करडी, हिरवी-करडी, म्हणजे जाळ्यात आत-बाहेर, आत-बाहेर, उचकी लागल्यासारखी.

"वा वा!" शेजारच्या टेबलावरचा जाडा चष्मेवाला म्हणाला. "चाळीस लेकरं आणि सगळ्यांचं एकच नाव. शाळेत हजेरी घेताना मजा येईल."

"तू तुझं बघ रे."

"अगं, शंकासूर चुकला, म्हणजे आज नोंद करून ठेवायला हवी."

तिनं दोन दिवस खपून एकेक यंत्र निस्तरलं. नंबर पुसायचा, पुन्हा सुरू करायचं, नवा आला की खूण करायची. बुधवारी दुपारी पडद्यावर चाळीस ओळी उभ्या होत्या. चाळीसही हिरव्या, आणि चाळिसांचे नंबर वेगळे.

खाली एकेचाळिसावी होती.

जुनाच नंबर. ज्याच्यापासून सगळे मोकळे झाले होते, तो. तिनं पहिला विचार केला तो साधा: मूळ डिस्क कुठंतरी लागलेली राहिली असणार. कपाट उघडलं. डिस्क तिथंच होती, चिठ्ठी चिकटवलेली, थंडगार. दुसरा विचार: पडद्यालाच जुनं आठवतंय. तिनं ती ओळ पुसली. चहा आणायला गेली. परत आली तर ओळ हजर.

यंत्राचं नाव: कोरं. मजला: हाच. आणि शेवटच्या रकान्यात, 'पहिल्यांदा दिसलं', एक तारीख आणि वेळ.

तारीख दहा महिन्यांपूर्वीची होती. मूळ डिस्क बनवून पंधरा दिवसही झाले नव्हते.

वेळ सकाळी अकरा एकोणपन्नास.

तिनं लॅपटॉप मिटला. मग, स्वभावाला औषध नाही, पुन्हा उघडून बघितला.

३

गुंडी जन्मली ती सकाळी अकरा बेचाळीसला. सात मिनिटांनी दुसरी आली.

दुसरी रडलीच नाही. एवढंच. दोघी एकाच बीजाच्या, हुबेहूब, असं डॉक्टरीणबाई सहाव्या महिन्यातच सांगून चुकल्या होत्या. घरात दोन झबली, दोन दुपटी, दोन टोपरी जमली होती. नर्सनं कापडात गुंडाळलेलं काहीतरी जवळ आणून विचारलं, "बघायचंय का?" आणि सासूबाई वाईट मनानं नव्हे, अगदी डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "नको गं बाई. पाहिलं की माया लागते."

तिनं मान हलवली होती. हो म्हणून की नाही म्हणून, हे तिला अजूनही नक्की सांगता येत नसे. नर्सनं नाही असा अर्थ घेतला.

त्यानंतर विषय मिटला. फॉर्मवर 'अपत्ये' या रकान्यात ती 'एक' लिहायची, आणि लिहून झाल्यावर पेन उचलायला तिला क्षणभर उशीर व्हायचा. नवऱ्यानं बघितलं होतं त्या दुसरीला. ही कधीतरी कपड्यांच्या घड्या घालता घालता सहज विचारल्यासारखं विचारायची, "कशी होती रे?"

तो म्हणायचा, "गुंडीसारखीच."

"म्हणजे?"

"म्हणजे गुंडीसारखीच गं. आता काय सांगू?"

माया न बघताही लागते, हे सासूबाईंना सांगायचं राहूनच गेलं.

तेव्हा अकरा एकोणपन्नास. तिनं मनाला बजावलं: यंत्रांची घड्याळं चुकतात, आतली छोटी बॅटरी मेली की वाट्टेल ती तारीख दाखवतात. वर्षात इतक्या तारखा आणि दिवसात इतकी मिनिटं, कुठंतरी काहीतरी जुळायचंच. योगायोगाला कुणी फाशी देत नाही.

ओळ करडी झाली. थोड्या वेळानं हिरवी. पुन्हा करडी.

४

"ताई, जरा बोलायचं होतं," संध्याकाळी पाळणाघरातल्या मावशी म्हणाल्या. चार पोरांमागं धावणाऱ्या मावशी एरवी कुणाला थांबवून बोलत नसत. "घाबरू नका हं. पण गुंडीला मधेच काहीतरी होतं. खेळता खेळता थांबते. डोळे उघडे असतात, पण नजर कशावरच नसते. हाक मारली तरी ढिम्म. दोन-तीन मिनिटं, की पुन्हा आपली पहिल्यासारखी."

"कधीपासून?"

"या सोमवारपासून."

चाळीस यंत्रं सुरू झाली होती तीही सोमवारीच. पण हे तिच्या डोक्यात लगेच आलं नाही. तेव्हा डोक्यात फक्त डॉक्टर होते. डॉक्टरांनी डोक्याला तारा लावून आलेख काढला, तो स्वच्छ निघाला. "फिट नाही, काही नाही. मुलं कधीकधी तंद्रीत जातात," ते म्हणाले. "तुम्हीच जरा झोप काढा."

नवऱ्यानं गाडीत बसताना तेच ऐकवलं. "बघ. तू उगाच भुई धोपटतेस."

"मावशी खोटं बोलतील का?"

"नाही गं. पण तुझी काळजी लागते माणसांना. साथीसारखी."

मावशींची एक वही होती. कोण किती वाजता झोपलं, दूध प्यालं, दुपटं बदललं, सगळं त्यात. सोमवारपासून त्यात गुंडीच्या पानावर बारीक अक्षरात 'गप्प' असे शेरे होते, वेळेसकट. गुरुवारी तिनं ते पान फोनवर टिपून आणलं आणि नोंदीच्या पडद्याशेजारी ठेवलं. उगाच. म्हणजे, जुळत नाही हे एकदा बघून घेण्यासाठी.

दहा पाच ते दहा आठ. गप्प. दहा पाच ते दहा आठ. हिरवी.

सव्वाबारा. सव्वाबारा.

दोन एकतीस ते दोन चौतीस. तिनं बोटानं ओळीमागून ओळ जुळवत नेली. मंगळवार. बुधवार. सकाळी डॉक्टरांकडे आलेख काढत होते, तो पाऊण तास ओळ सलग करडी होती.

शेजारचा चष्मेवाला म्हणाला, "काय गं, भूत बघितलंस की काय?"

"एक काम कर ना," ती म्हणाली. आपला आवाज किती नेहमीसारखा येतोय याचं तिलाच नवल वाटलं. "या दोन याद्या जुळतात का बघ जरा."

त्यानं चष्मा वर करून बघितलं. "मिनिटाचाही फरक नाही. कसल्या आहेत?"

"काही नाही. एकाच गोष्टीच्या आहेत."

५

शुक्रवारी यंत्रं जायची होती. साहेबांनी अहवालावरून नजर फिरवली. "हे एकेचाळीस कसे?"

"शोधतेय, सर."

"दुपारपर्यंत चाळीस करा. वाचनालयवाले मोजून घेतात."

तिनं केबलकाकांना गाठलं. ओळ कुठल्या तारेवरून बोलतेय ते पडद्यावर दिसत होतं: तारांच्या मुख्य पेटीतलं तेविसावं भोक. काका पेटीशी गेले, तेविसाव्याच्या तारेला बोट लावलं आणि भिंतीभिंतीनं निघाले. ती मागोमाग. तार छतात गेली, भांडारावरून वळली, पाण्याच्या पिंपामागून उतरली आणि पाळणाघराच्या भिंतीत शिरली.

"इथं पूर्वी बैठकीची खोली होती ना," काका कुजबुजले, कारण पोरं झोपलेली होती. पडदे ओढलेले, पंख्याची एकसुरी टकटक, दुधाचा आंबूस वास. काका गुंडीच्या पाळण्यामागं वाकले आणि तार ओढून बाहेर काढली. हातभर लांब. टोकाला पारदर्शक खटका. त्यापुढं काही नाही.

"लागलेलंच नाही की काही!"

"पण पेटीवरचा दिवा लुकलुकतोय, काका. मी आत्ता पाहिला."

"मीही पाहिला." काकांनी टोक उलटसुलट केलं, फुंकर मारली. "टोकाला काही असल्याशिवाय दिवा लागत नाही. तीस वर्षं तारा ओढतोय मी." मग त्यांनी ते टोक एकदम खाली सोडलं, नि हात विजारीला पुसले. "ताई, बंद करून टाका ते भोक. तुमच्या पडद्यावरून जमतं ना? ही असली तार मी कापायलाही जाणार नाही."

गुंडी जागी होती. ती पाळण्याच्या गजांतून त्या टोकाकडं बघत होती. हातातलं ओलं अर्धं बिस्किट तिनं गजांबाहेर काढलं आणि पुढं केलं, घे म्हणून. बोटं उघडली. बिस्किट पडलं नाही लगेच. पडलं, पण लगेच नाही.

अर्थात, झोपेचं खोबरं झालेल्या बाईच्या डोळ्यांचं काय घेऊन बसलात.

ती टेबलाशी आली. तेविसावं भोक. बंद करायचं का? हो. नक्की? हो. ओळ करडी झाली आणि करडीच राहिली. दुपारी चाळीस यंत्रं गेली, अहवाल गेला. संध्याकाळी गुंडी दार उघडताच तिच्या अंगावर झेपावली, केस ओढले, नाक चावलं. लेक परत मिळाली होती. आनंदानं रडू यावं, तशी ती रडली. निदान सुरुवात तरी तशीच झाली.

६

नऊ दिवस गुंडी एकदाही गप्प झाली नाही. पाळण्याचा गज धरून उभी राहिली. मावशींनी टाळ्या वाजवल्या.

दहाव्या दिवशी तिनं आवरून आवरून ठेवलेली गोष्ट मनात आली. ते गुंडाळलेलं कापड घेऊन नर्स एकदा थांबली होती, विचारलं होतं. तेव्हा मान नीट हलली नव्हती. आता कुणीतरी पुन्हा येऊन पाच दिवस दाराशी लुकलुकत होतं, आणि तिनं काय केलं? भोक बुजवलं. नक्की? हो.

असं कोण करतं? दारात आलेल्या परक्यालासुद्धा माणूस आधी कोण म्हणून विचारतो.

फक्त एकदा, तिनं ठरवलं. एकदा बघायचं. दोन मिनिटांत बंद.

दुपारी मावशी पोरांना निजवून शेजारच्या खोलीत जेवायला बसत. ती लॅपटॉप काखोटीला मारून पाळणाघरात गेली. गुंडी जागीच होती, स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालण्याच्या खटपटीत. आईला बघून हसली. ते हसू बघून तिचा हात थांबला. मग तिनं गुंडीला मांडीवर घेतलं आणि डाव्या हातानं तेविसावं भोक उघडलं.

ओळ हिरवी झाली.

अंगठा तोंडापासून निसटला. गुंडीचं अंग सैल पडलं. झोपलेल्या पोराचं पडतं तसं नाही, टेकू काढून घेतल्यासारखं. मान मागं गेली. दहा महिन्यांच्या पोरीची मान तिनं तळव्यात झेलली, पहिल्या आठवड्यात झेलायची तशी. डोळे उघडे होते. नजर कशावरच नव्हती.

"गुंडी?" ती म्हणाली. मग, खूप हळू, दुसरं एक नाव. झबली शिवताना दोन नावं ठरवली होती. त्यातलं हे कधी मोठ्यानं उच्चारलंच नव्हतं.

नजर हलली.

उजेडाला बुजत, कुठल्याच वस्तूची ओळख नसल्यासारखी ती छतावरून, पंख्यावरून ओघळत आली आणि तिच्या चेहऱ्याशी येऊन अडखळली. तिनं बोट पुढं केलं. गुंडीची ती गुबगुबीत, सरावलेली बोटं, जी आता कशालाही नुसती धरत नसत, ओढत असत, फेकत असत, ती तिच्या बोटाभोवती मिटली. घट्ट. पहिल्या दिवशीचं बाळ धरतं तशी. आणि गळ्यातून आवाज निघाला: बारीक, कोरा, उसना नसलेला. जन्मल्या जन्मल्या जो यायला हवा होता, तो.

तिचे स्तन दुखून आले. गुंडीचं अंगावरचं दूध सुटून दोन महिने झाले होते.

बंद करायचं का? पडदा विचारत होता. तिनं चार मिनिटांनी हो म्हटलं. गुंडी एका झटक्यात परत आली ती किंचाळतच, आणि नखं रुतवून आईला चिकटली. पाऊण तास ती कुणाकडंही जाईना.

७

पुन्हा नाही, असं तिनं स्वतःला दोनदा बजावलं. आणि शंकासुराचा स्वभाव बघा: पहिल्यांदाच तिला कसलीच शंका येत नव्हती.

चार मिनिटांत बाळाचं काय होतं? डोळे उघडतं, संपलं. गुंडी उभी राहायला लागली आणि तिच्या पाठच्या बहिणीला मान धरता येऊ नये, हे कुठल्या आईला बघवेल? म्हणून सोमवारी दहा मिनिटं. त्यात नजर स्थिर झाली. गुरुवारी वीस. मान सावरली. पुढच्या आठवड्यात तिनं साहेबांकडून दुपारच्या सुट्टीला जोडून तासभर मागून घेतला, आणि मावशींना सांगितलं, "तुम्ही निवांत जेवा, पडा थोडं. हिला मी निजवते."

"नशीबवान पोर," मावशी म्हणाल्या. "एवढा वेळ कुठली आई देते?"

परत येताना गुंडी आता किंचाळत नसे. सुरुवातीला मुसमुसायची, मग तेही थांबलं. परतायला तिला थोडा उशीर व्हायला लागला. भोक बंद केल्यावर मिनिटभर, मग दोन मिनिटं, पाळण्यात कुणीच नसे. नुसतं ते अंग, आणि वरून फिरणारा पंखा. ती वाट बघायची. कुणाची, हे त्या दोन मिनिटांत तिला सांगता आलं नसतं.

आज नवऱ्याचा फोन आला. "काय करतेय गुंडी?"

"झोपलीय."

"हल्ली फार झोपते नाही? घरीसुद्धा. काल मी आलो तर ओळखच दाखवेना."

"वाढीचं वय आहे," ती म्हणाली. "तू उगाच काळजी करतोस."

तो हसला. "आता तू मला सांगणार?"

तिनं फोन ठेवला. मांडीवरचं तोंड तिच्याकडं वळलेलं होतं आणि त्यावर, अजून कसं करायचं ते पुरतं न कळलेलं, एका बाजूनं वर गेलेलं हसू होतं. पहिलंच. मग दोन्ही हात वर आले, घे म्हणून. हेही पहिलंच. तिनं तिला उचलून छातीशी धरलं. ते वजन तिनं दहा महिने दुसऱ्या कुशीवर वळताना, दुसरं झबलं कपाटात मागं सारताना, 'एक' लिहून पेन उचलताना मनात तोललं होतं. ते जसंच्या तसं होतं. नवरा म्हणाला होता ते खरं होतं.

तास संपला होता. पडद्यावर भोकाच्या शेजारचा चौकोन तिच्या बोटाची वाट बघत होता. आणखी कुणीतरी कुठंतरी त्याच बोटाची वाट बघत असणार, हे तिला ठाऊक होतं. उघड्या डोळ्यांनी ठाऊक होतं. तीही तिचीच होती. आईनं दोघींत डावं-उजवं करू नये, असं तिला अगदी मनापासून वाटे.

तिनं चौकोनाला बोट न लावता लॅपटॉप हळूच, आवाज न करता, मिटला. गुंडीचे दहा महिने होऊन गेले होते. हिचे अजून सगळे बाकी होते.